तीन किलो तूरडाळ आणि एक लॅपटॉप

आठ दिवस मी तीन किलो तूरडाळ सॅकमध्ये घालून यवतमाळ जिल्हा फिरलो. घाटंजी, पांढरकवडा, झरी, मारेगाव. डाळ कुणाला विकायची नव्हती, कुणाच्या घरी पोचवायची नव्हती. मला लॅपटॉप घ्यायचा होता.

मी सौर कृषिपंप बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला आहे. स्ट्रक्चर उभं राहिलं, पॅनेल चढले, मोटर विहिरीत उतरली की शेवटी जाऊन पंप चालवणारा कंट्रोलर सुरू करून देणं, रीडिंग घेणं आणि फोटो, कागदपत्रं वर चढवणं हे माझं काम. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मुक्काम बाहेर. तालुक्याच्या लॉजवर संध्याकाळी साडेसहानंतर काय करायचं? जेवण होतं आठला, झोप येते साडेअकराला. मधले साडेतीन तास मी मोबाईलवर गेम खेळून अंगठे सुजवून घेत होतो. जुना लॅपटॉप एक्सेल उघडतानाच धापा टाकायचा, त्यामुळे नवा घ्यायचाच होता. मग कामाचाही होईल आणि रात्री गेमही खेळता येईल असा घेऊ, असं ठरवलं. बजेट ७० हजार, तेही हप्त्यावर.

दिवाळीत मामेभाऊ अमरावतीहून त्याचा गेमिंग लॅपटॉप घेऊन आला. इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. त्याच्यावर दोन रात्री जीटीए फाइव्ह खेळलो आणि माझं डोकंच फिरलं. तो म्हणाला, "दादा, डोळे झाकून हाच घे." डोळे झाकायच्या आधी मी तो उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. २ किलो ३१० ग्रॅम. मग अडॅप्टर ठेवला, वायरीसकट ६४० ग्रॅम. दुकानदार गमतीनं म्हणाला, "एवढ्या वजनाची तूरडाळ देऊ का, भाऊ?" मी म्हटलं, द्या. तीन किलोच द्या.

ऐकायला येडपट वाटतं, पण लॅपटॉप घेण्याच्या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या डाळीनं. माझ्या सॅकमध्ये आधीच क्लॅम्प मीटर, क्रिंपिंग टूल, मल्टीमीटर, पान्हे असं चारेक किलो असतं. पहिले दोन दिवस काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून मारेगावची एसटी भरून आली आणि उभ्यानं जावं लागलं, तेव्हा उजवा खांदा बोलायला लागला. पाचव्या दिवशी हेल्पर म्हणाला, "भाऊ, डाळ लॉजवर ठेवून द्या ना, कोन नेते?" तिथंच तर अडचण होती. डाळ लॉजवर ठेवता येते, लॅपटॉप नाही. आठव्या दिवशी घरी आलो तर बाबा म्हणाले, "काऊन बे, डाळीले जिल्हा दाखवून आनला का?"

त्या दिवशी नियम ठरला. चार्जरसकट दोन किलोच्या आत. याच्यावर एक ग्रॅम नाही.

भावाच्या अडॅप्टरमध्ये आणखी एक गोम होती. त्याचा प्लग १६ अँपिअरचा, जाड पिनांचा. काही गेमिंग लॅपटॉपना तसाच येतो. आपल्याकडच्या लॉजवर पलंगाजवळ ६ अँपिअरचं सॉकेट असतं. १६ चं असलंच तर एकच, गिझरचं, बाथरूममध्ये. म्हणजे गेम खेळायचा तर बादली पालथी घालून तिच्यावर बसून. कन्व्हर्टर मिळतो, पण ढिल्या सॉकेटात कन्व्हर्टर, त्यावर जड प्लग, हे माझ्यासारख्या वायरमनाच्या डोळ्यांना बघवत नाही.

मग मी वाचायला बसलो. आणि इथं मला माझीच लाज वाटली. शेतकरी मला रोज विचारतात, "पॅनल कोनत्या कंपनीचं हाय?" मी त्यांना सांगतो, काका, कंपनी नंतर, आधी वॅट पाहा. ३ एचपीला ३००० वॅटचे पॅनेल लागतात, ५ एचपीला ४८००. कमी लावले तर नाव कितीही मोठं असो, दुपारी चारला पाणी बारीक होणार. हे सांगणारा मी लॅपटॉपच्या बाबतीत मात्र कंपनी आणि ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे गेमचं चित्र काढणाऱ्या चिपचं, नावच विचारत फिरत होतो.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डालाही वॅट असतात आणि नाव एकच असलं तरी ते वेगवेगळे असतात. २०२१ साली आलेलं एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कुठंही बसवलेलं असू शकतं. ४०५० तर ३५ ते ११५. खोक्यावर दोन्हीकडे नाव तेच, स्टिकर तोच. म्हणजे ३ एचपी आणि ५ एचपीच्या पंपावर एकच पाटी लावून विकल्यासारखं. जाड लॅपटॉपमध्ये मोठा पंखा, मोठी उष्णतावाहक नळी मावते, म्हणून जास्त वॅट देता येतात. पातळ लॅपटॉपमध्ये जागाच नसते, तिथं तेच कार्ड उपाशी ठेवतात.

नागपूरला सीताबर्डीवर दुकानात गेलो तेव्हा हे तपासून पाहिलं. विंडोजमध्ये एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशन दाबलं की कार्डाचा कमाल वॅट दिसतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ३०५० मध्ये एक ४५ वॅटचा निघाला, दुसरा ७५ वॅटचा. किमतीत चार हजारांचाही फरक नव्हता. आणि गंमत म्हणजे महाग होता तो ४५ वाला, कारण तो दिसायला पातळ होता. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, कार्ड सेम टू सेम है, बॉडी का फरक है." त्याला दोष देत नाही. त्याला कुणी कधी वॅट विचारलेच नसतील.

हिशेब असा झाला की ७० हजारांत वेगळं कार्ड आणि दोन किलोच्या आतलं वजन या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. मिळाल्याच तर कार्ड उपाशी असतं. मग वेगळ्या कार्डाचा नादच सोडायचा आणि प्रोसेसरच्या आतच असलेलं ग्राफिक्स बघायचं. पूर्वी असल्या ग्राफिक्सवर पत्त्यांचा डाव सोडला तर काही चालत नसे. आता तसं राहिलं नाही. एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएस या प्रोसेसरमध्ये रेडिऑन ७८०एम नावाचं ग्राफिक्स आहे. इंटेलनंही २०२३ च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या कोअर अल्ट्रात, म्हणजे १२५एच, १५५एच वगैरेंत, आर्क ग्राफिक्स दिलं. दोन्हीवर मध्यम सेटिंगला बरेच गेम चालतात.

इथंच मी जवळजवळ फसलो होतो. दुकानदारानं एक चौदा इंची काढला. १.४ किलो, ५२ हजार, "रायझन सेव्हन, सात हजार सिरीज, लेटेस्ट." हातात घेतला तर फुलासारखा. खिशातून बँकेचं कार्ड निम्मं बाहेर आलं होतं. पण आत प्रोसेसर होता ७७३०यू.

एएमडीनं २०२३ पासून त्या आकड्यांचा अर्थ ठरवून दिला होता आणि तो सातबाऱ्यासारखा वाचावा लागतो, वरचं नाव बघून भागत नाही. पहिला आकडा साल सांगतो, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जा. तिसरा आकडा सांगतो की आतली रचना कोणत्या पिढीची आहे, आणि खरी मेख तिथं आहे. ७८४० मध्ये तिसरा ४, म्हणजे झेन ४. ७७३० मध्ये तिसरा ३, म्हणजे झेन ३, आणि सोबत जुनं व्हेगा ग्राफिक्स. ७५२० मध्ये तर तिसरा २. साल नवं, माल जुना. ७८०एमची ताकद त्या व्हेगाच्या जवळपास दुप्पट. ऑफिसच्या कामाला ७७३०यू उत्तम आहे, माझा ठेकेदार घेणार असेल तर मी त्याला तोच सांगेन. पण मला रात्री साडेआठला एक्सेल उघडायचं नव्हतं. पुढच्या वर्षी ८८४५एचएस आला, पहिला आकडा ८ झाला, पण आत ग्राफिक्स तेच ७८०एम. म्हणून मी म्हटलं, ८ साठी जास्त पैसे द्यायचे नाहीत, ७८४० चा उरलेला माल कुठं मिळतो ते पाहायचं.

रॅमचा सापळा त्याहून साधा आहे आणि जास्त लोक त्यातच अडकतात. वेगळं कार्ड असलं की त्याची स्वतःची मेमरी असते. आतलं ग्राफिक्स मात्र लॅपटॉपच्याच रॅममधून खातं. ८ जीबी असली तर विंडोज आणि गेम यांची भांडणं लागतात. १६ जीबी पाहिजेच. आणि ती १६ एकाच पट्टीत असेल तर निम्मा रस्ता बंद, दोन वाटांनी येणारं पाणी एका वाटेनं येतं. इंटेलच्या त्या लॅपटॉपमध्ये तर रॅम दुहेरी नसेल तर विंडोज ग्राफिक्सचं नाव 'आर्क' असं दाखवतसुद्धा नाही, नुसतं 'इंटेल ग्राफिक्स' म्हणतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून "आता ८ घे, पुढं टाकू" हा सल्ला कुणी दिला तर आधी विचारावं, टाकायची कुठं?

हातात धरायच्या गेमिंग यंत्रांचाही विचार केला होता. स्टीम डेक आपल्याकडे अधिकृत विकत नाहीत. आरओजी अ‍ॅलाय २०२३ साली ६९,९९० ला आला होता, वजन ६०८ ग्रॅम. खांद्यानं लगेच होकार दिला. पण त्याच्यावर मी पंपांचे रिपोर्ट भरायचे कसे? सोडलं.

खरेदीची गोष्ट थोडक्यात. ७८४० वाला सापडला, पण आमच्या गावाच्या पिनकोडवर तो लॅपटॉप येत नव्हता, यवतमाळच्या मित्राच्या पत्त्यावर मागवला. ६६ हजारांना पडला. बिनव्याजी हप्ता म्हणतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच बिलात येते, ते आधी मोजून घ्यावं. 'घरपोच सेवा' असा वॉरंटीचा प्रकार होता. कस्टमर केअरला फोन करून गावाचं नाव सांगितलं तर बाई म्हणाल्या, तुम्हाला नागपूरच्या सेंटरला आणावा लागेल. घर कुणाचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर पहिलं काम, किराणा दुकानाचा काटा. लॅपटॉप १ किलो ४८०, टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर २६० ग्रॅम. १ किलो ७४०. दुकानदार म्हणाला, "सव्वा किलो डाळ वाचली म्हना." आईनं एवढंच विचारलं, "गेम खेळाले एवढे पैसे?" मी म्हटलं, आई, कामाचा आहे. ती हसली आणि आत गेली.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. डब्यातल्या पत्रकात लिहिलंय, वापराचं तापमान ५ ते ३५ अंश. ते वाचून मला हसू आलं. पांढरकवड्याच्या लॉजवर रात्री साडेआठला, कूलर सुरू असताना, मल्टीमीटरच्या तापमानाच्या वायरीनं खोलीचं तापमान पाहिलं तर ३८. पत्र्याच्या वरच्या मजल्यावर असतो तर आणखी वर. पंखा आतली हवा बाहेर फेकतो खरा, पण आत ओढतो ती हवाच ३८ ची. जीटीए पहिली दहा मिनिटं ६० फ्रेमनं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, पळाला, मग चिप शंभर अंशांच्या जवळ गेली आणि तिनं स्वतःच पाय मागं घेतला. ४० फ्रेम, मग ५५, मग ३८. असं हिसके खात चाललेला गेम बघवत नाही.

इथं परत वॅट. चिपला जास्त वॅट देऊन ती तापून स्वतः खाली येण्यापेक्षा आपणच आधी कमी द्यावे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सायलेंट मोड असतो, तो लावला आणि गेमला ४० फ्रेमची मर्यादा घातली. गेम एकसारखा चालायला लागला, पंख्याची बोंब थांबली. मागच्या बाजूला खाली दोन प्लॅस्टिकची बाटलीची झाकणं ठेवली, हवेला वाट मिळाली आणि चार-पाच अंश उतरले. लॅपटॉप कूलरच्या झोतात मात्र ठेवायचा नाही. थंड वाटतं, पण हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळच्या लॉजवर उतरलात तर जाळीवर रुईची दाढी उगवते. दर पंधरा दिवसांनी रंगाच्या मऊ ब्रशनं मी ती काढतो.

झरीच्या लॉजवर पहिल्याच रात्री झाकणाला हात लावला तर मुंग्या. बॉडी धातूची आहे. मल्टीमीटर लावला तर बॉडी आणि जमिनीत ९० व्होल्ट दाखवतोय. घाबरायचं कारण नाही, चार्जरमधल्या फिल्टरमधून पाझरणारा तो अगदी बारीक करंट, अर्थिंग असली की जमिनीत जातो. लॉजच्या सॉकेटात तिसरं भोक होतं, पण मागं वायरच नव्हती. शेतात कंट्रोलरला वेगळी अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टरला वेगळी, असे खड्डे मारून देणारा मी, तिथं पायात चप्पल घालून गेम खेळलो.

बॅटरी ५६ वॅट-अवरची आहे. पूर्ण ताकदीनं गेम चालला तर सगळं मिळून ३५ वॅट ओढतो, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. सायलेंट मोडमध्ये २२-२३ वॅट, म्हणजे अडीच तास. घड्याळ लावून पाहिलं, पाच-सात मिनिटांच्या फरकानं तेवढंच निघालं. लाईन गेल्यावर लॉजवर अडीच तास म्हणजे पुष्कळ. शिवाय टाइप-सी असल्यामुळे पिकअपमध्ये सिगारेट लायटरच्या जागी ६५ वॅटचा कार चार्जर लावला की साइटवर पोचेपर्यंत भरलेला असतो. भावाच्या त्या जाड अडॅप्टरचं असं काही होत नाही.

गेम उतरवून घेणं हे वेगळंच प्रकरण. जीटीए शंभर जीबीच्या वर जातो आणि माझा मोबाईल डेटा दिवसाला २ जीबी. सात-आठ आठवडे उपाशी राहून... नको. अमरावतीला गेलो तेव्हा भावाच्या होस्टेलवर दोघांचे लॅपटॉप एकाच वायफायवर लावले. स्टीममध्ये, म्हणजे गेम विकणाऱ्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये, २०२३ पासून शेजारच्या कॉम्प्युटरवरून गेम ओढून घेता येतो. गेम दोघांनीही विकत घेतलेला पाहिजे, एवढंच. दीड तासात काम झालं. लॉजवर जाण्याआधी स्टीम एकदा नेट असताना उघडून ऑफलाइन मोडला टाकायचं, हे मी एकदा विसरलो आणि मारेगावला रात्रभर लॉगिनचा चौकोन बघत बसलो.

ऑनलाइन खेळायचा व्हॅलोरंट या लॅपटॉपवर शंभर फ्रेमच्या वर सहज पळतो. पण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, ६० वरून २०० वर कधी उडी मारेल सांगता येत नाही. पोट्टे शिव्या देतात, म्हणून तो फक्त यवतमाळला आलो की. बाहेर असलो की एकट्यानं खेळायचे, मोठी गोष्ट असलेले जुने गेम. २०१५ चा विचर थ्री सध्या सुरू आहे. नवे, वजनदार गेम रिझोल्यूशन उतरवून आणि ते लहान चित्र ताणून मोठं करणारं एफएसआर लावून ३० फ्रेमला चालतात. भाऊ बघून नाक मुरडतो. त्याला अजून एसटीत उभं राहायचं काम पडलं नाही.

एक गोष्ट मात्र चुकली. स्क्रीन ३०० निट्स उजेडाची घेतली. खोलीत ठीक आहे, उन्हात लिंबाच्या सावलीतसुद्धा स्वतःचं थोबाडच दिसतं. ४०० ची घ्यायला हवी होती, दोन-तीन हजारच जास्त होते.

परवा घाटंजीकडच्या एका शेतात कंट्रोलर सुरू करायला गेलो. सगळं जोडून झालं आणि आभाळ आलं. ढगात रीडिंग घेण्यात अर्थ नसतो, मग बांधावरच्या लिंबाखाली बसून लॅपटॉप उघडला, पाठ उन्हाकडे करून. हेल्पर एका बाजूनं डोकावत होता, शेतकरी काका दुसऱ्या बाजूनं. स्क्रीनवर घोडा पळत होता.

"केवढ्याले पडलं हे?" काकांनी विचारलं.

"सहासष्ट हजार."

"बाप्पा! याच्यात तं माहा एक बैल आला असता." थोडा वेळ घोड्याकडे बघून म्हणाले, "अन् हा घोडा खाते काय?"

"वॅट," हेल्पर म्हणाला.

तेवढ्यात ढग सरला, कंट्रोलरवरचा दिवा हिरवा झाला आणि पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग धार आली. काका तिकडे धावले. मी सेव्ह न करताच झाकण लावलं आणि क्लॅम्प मीटर घेऊन उठलो.